मदत हवी आहे: पद्मिनीचा ब्रेक पहिल्या पायात लागत नाही

नमस्कार मंडळी,

गाडी १९८८ ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी घेतलेली, अजूनही रोज चालते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. मागच्या महिन्यात चारही चाकांचे लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) नवे घातले. ड्रमला चरे पडले होते, म्हणून टर्निंगही (ड्रम आतून घासून गुळगुळीत करणं) करून घेतलं. तेव्हापासून पहिला पाय दिला की पेडल खोल जातं आणि लिबलिबीत लागतं. लगेच पुन्हा दाबलं की वर येतं, पण पूर्वीसारखं घट्ट नाही.

ब्रेक ऑइल कुठेही गळत नाही. ड्रम उघडून पाहिले, व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमकडे ढकलणारे) कोरडे आहेत. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा) लांबच्या चाकाकडून सुरुवात करून सगळीकडची हवा काढली. निपलमधून बुडबुडे यायचे पूर्ण थांबले. त्याच वेळी ऑइलही बदललं, डॉट ३. ताजं डॉट ३ साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी धरलेलं १४० च्या आसपासच, त्यामुळे जुनं ठेवायचं नव्हतं. पण सकाळी थंड गाडीतही पेडल मऊच असतं, तेव्हा ऑइल उकळण्याचा प्रश्न नाही.

मेकॅनिक म्हणतात मास्टर सिलिंडर बदला. मला ते पटत नाही. पेडल जोरात दाबून मिनिटभर धरलं तर जिथल्या तिथे राहतं. आतला रबर कप ऑइल सोडत असता तर पेडल हळूहळू खाली बसलं असतं.

मग चाकांकडे ऑइल नेणारे रबरी होज पाइप फुगत असतील का? की नव्या लायनरचंच काही आहे? दिवाळीत आई-बाबांना साताऱ्याला न्यायचंय. हा ब्रेक घेऊन त्यांना खंबाटकी उतरवायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद

मास्टर सिलिंडरला तूर्त हात लावू नका. गाडी जॅकवर घ्या आणि लायनर इतके अ‍ॅडजस्ट करा की चारही चाकं जॅम होतील. मग पेडल दाबा. वरच आणि कडक लागलं तर हवा, होज, मास्टर सगळं ठीक आहे, दोष ड्रमच्या आत. तरीही मऊ लागलं तर होज क्लॅम्पने एकेक होज हलक्या हाताने दाबून कोणत्या चाकाला फरक पडतो ते बघा.

मला संशय टर्निंगचा. टर्निंगने ड्रमचा व्यास वाढतो, नव्या लायनरची गोलाई मात्र मूळ मापाची. मग लायनर फक्त मधोमध टेकतो, टोकं अधांतरी राहतात, आणि दाब आला की शू (लायनर बसवलेली धातूची कमान) चक्क वाकतो. तोच लिबलिबीतपणा पायाला जाणवतो. ड्रमच्या आतून खडू फासा, चाक फिरवत हलका ब्रेक द्या आणि लायनरवर खडू कुठे उमटतो ते पाहा. टर्निंगवाल्याकडून ड्रमचं मापही विचारून घ्या. मर्यादेपलीकडे पातळ झालेला ड्रम वापरायचाच नाही, घाटात तर नाहीच.

धागाकर्ता

दादा, खूप आभार! चाकं जॅम केल्यावर पेडल एकदम वर आणि कडक. खडू पुढच्या दोन्ही चाकांच्या लायनरवर फक्त मधल्या पट्ट्यात उमटला, मागचे बरे आहेत. ड्रमची जाडी मर्यादेत आहे. आता पुण्यात ड्रमच्या मापाला लायनर घासून देणारं कोणी आहे का? नाना पेठेत विचारलं, सगळे नवीन सेटच पुढे करतात.