प्राचीन इजिप्तमधल्या बायका एवढ्या घट्ट कपड्यांत चालायच्या कशा?

पडद्यामागे (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी, आमचा ग्रुप यंदा एकांकिका बसवतोय, विषय आहे इजिप्तमधला कामगारांचा संप. तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या २९व्या वर्षी, म्हणजे साधारण इ.स.पू. ११५७ च्या सुमाराला, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं धान्य वेळेवर येईना म्हणून त्यांनी कामं टाकली आणि देवळांपाशी जाऊन ठिय्या दिला. लेखी नोंद असलेला सगळ्यात जुना संप म्हणून तो सांगितला जातो. तर कपडेपट माझ्याकडे आहे आणि मी अडकलेय. नेटवर जी भित्तिचित्रं दिसतात त्यात बायकांचा पोशाख छातीखालून घोट्यापर्यंत अंगाला इतका चिकटलेला की पाऊलसुद्धा टाकता येणार नाही, आणि आमच्या नायिकेला तर पाण्याचे घडे उचलायचेत, भांडायचंय, धावायचंय. खरंच असं घालायचे का? की मी स्ट्रेचेबल कापड घेऊन मोकळी होऊ? पुरुषांचं पण सांगा, फक्त कमरेला पांढरं फडकं बांधलं की झालं का?

कापडवेडा

स्ट्रेचेबल अजिबात घेऊ नका प्लीज! त्या लोकांचं जवळजवळ सगळं कापड लिननचं, म्हणजे जवसाच्या झाडाच्या देठातल्या धाग्याचं, आणि लिनन ताणलं जात नाही. चित्रात दिसतं तेवढं घट्ट शिवलं तर खाली बसताना टरकन फाटेल. चित्रकाराला शरीराची रेषा दाखवायची होती म्हणून त्याने कपडा अंगाबरोबर काढला, एवढंच आहे ते.

खरे कपडे सापडलेत ना, ते बघा. लंडनच्या पेट्री म्युझियममध्ये इजिप्तमधल्या तारखान या जागी सापडलेला ड्रेस आहे. १९१३ मध्ये पेट्री या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात मळक्या चिंध्यांचा गठ्ठा म्हणून आला आणि तसाच पडून राहिला, १९७७ मध्ये साफ करायला घेतला तेव्हा आतून पूर्ण बाह्यांचा, बारीक चुण्या घातलेला कपडा निघाला. पुढे कार्बन डेटिंग केलं तर वय आलं इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ च्या दरम्यान! म्हणजे पिरॅमिडच्याही आधीचा. आणि मला सगळ्यात भिडतं ते हे की तो सापडला तेव्हा उलटा होता, डोक्यावरून ओढून काढल्यासारखा, कोपराला आणि काखेत वापरल्याच्या सुरकुत्या. कोणीतरी तो खरोखर अंगात घातलेला. देशाशे या गावी सापडलेले पाचव्या राजवंशाच्या काळातले, म्हणजे साधारण इ.स.पू. २४०० च्या सुमाराचे ड्रेस पण असेच, पुढे व्ही गळा, लांब बाह्या. चित्रांत असे बाह्यांचे ड्रेस शोधून सापडायचे नाहीत.

तुमच्या काळाला तर तो घट्ट ड्रेस तसाही लागू नाही, तुमचा संप ज्यात येतो त्या नवीन राज्याच्या काळात (इजिप्तच्या इतिहासातला शेवटचा मोठा वैभवाचा कालखंड) तो चित्रांमध्ये मुख्यतः देवींच्या अंगावर उरला होता. बायका मोठं पातळ कापड अंगाभोवती गुंडाळून छातीखाली गाठ मारायच्या, कडेला दशा, श्रीमंत असेल तर चुण्या.

देठ_आणि_धागा

+१ पण एक गोष्ट. घट्ट दिसणारं सगळंच चित्रकाराच्या मनचं नव्हतं. मण्यांच्या जाळीचे ड्रेस खरेच सापडलेत, एक गिझाचा बॉस्टनच्या म्युझियममध्ये आहे, मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या काळातला, आणि एक काऊ या गावचा पेट्री म्युझियममध्येच, त्याच्या खालच्या काठाला १२७ शिंपले आणि प्रत्येकात छोटा खडा भरलेला, म्हणजे चालताना आवाज यावा म्हणून. एका जुन्या कथेत स्नेफ्रू राजा वीस तरुणींना कपड्यांऐवजी जाळ्या नेसवून होडी वल्हवायला लावतो. त्यामुळे चित्रातल्या चौकटीचौकटीच्या ड्रेसमध्ये काही जाळ्या असणार असं मला वाटतं. अर्थात तुमच्या नाटकातल्या कारागिराच्या बायकोला ते कुठलं परवडतंय.

कापडवेडा

हो मान्य, जाळीचं मी लिहायला हवं होतं. पण ती सुद्धा अंगावर मोकळीच पडते आणि बॉस्टनचा ड्रेस तर ममीवर ठेवलेला होता, त्यावरून रोजच्या वापराचा अंदाज बांधणं अवघड.

नदीकाठची

पडद्यामागे, तुमचं नशीब जोरावर आहे, तुमच्या नाटकातले कारागीर ज्या गावात राहायचे त्या देर अल-मदिनामधलेच कपडे सापडलेत! खा नावाचा तिथला अधिकारी आणि त्याची बायको मेरित यांचं थडगं १९०६ मध्ये न लुटलेलं मिळालं, सगळं सामान आता तुरीनच्या म्युझियममध्ये. हे जोडपं तुमच्या संपाच्या दोनेकशे वर्षं आधीचं आणि तुमच्या पात्रांपेक्षा खात्यापित्या घरचं, पण कपड्यांची पद्धत तीच. त्रिकोणी लंगोट कितीतरी, अंगरखे, आणि कपड्यांवर खाची खूण घातलेली, धुवायला गेल्यावर कोणाचं कोणतं ते कळावं म्हणून असणार.

अंगरखा म्हणजे आपल्या बाळाच्या झबल्यासारखा प्रकार, लांब आयत मधे दुमडायचा, गळ्याला गोल भोक आणि पुढे एक चीर, बाजू शिवायच्या, हातापुरती जागा सोडायची. झालं. पुरुषांना हे द्या, त्यावर कमरेला कापड. म्हणजे फक्त फडकं नाही हो! थडग्यात काम करतानाच्या सीनला मात्र लंगोट आणि वर कातड्याची जाळी, मऊ कातड्याला ओळीने बारीक चिरा पाडून केलेली, बसायच्या जागी सलग तुकडा ठेवलेला. अशा खऱ्या जाळ्या सापडल्यात आणि कामकऱ्यांच्या चित्रांतही दिसतात. ती स्टेजवर फार छान दिसेल.

आणि धोबी घ्या नाटकात, मनापासून सांगते. या गावाला विहीर नव्हती, पाणी खालून गाढवांवर यायचं आणि कपडे धुवायला सरकारकडून धोबी नेमलेले. खापरांवर धुण्याच्या याद्या सापडल्यात, काहींमध्ये तर कपड्यांची चित्रंच काढलीयेत. त्या काळच्या शाळेतली पोरं जो धडा गिरवायची त्यात धोब्याचं वर्णन आहे, नदीकाठी मगरीच्या शेजारी कपडे धुणारा. धान्य थकलं की ही पाणक्या-धोब्यांची माणसं पण भरडली जाणार ना, त्यांचं कोणी दाखवतच नाही.

पडद्यामागे

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार! धोब्याचं लेखकाला लगेच सांगितलं. आता रंगाचं सांगा. सगळे पांढरे कपडे म्हणजे स्टेजवर सपाट दिसेल अशी दिग्दर्शकाला भीती आहे. आणि लिनन आमच्या बजेटमध्ये बसत नाही.

देठ_आणि_धागा

लिननवर रंग नीट बसत नाही म्हणून बहुतेक कपडे बिनरंगी, पण सगळे एकाच छटेचे नाहीत. जवस कोवळं हिरवं असताना उपटलं तर बारीक मऊ धागा, पिवळं झाल्यावर जरा जाड, अगदी पिकल्यावरचा दोर वळायला. शिवाय उन्हात वाळवून पांढरं केलेलं वेगळं आणि न केलेलं मातकट वेगळं. तर कारागिरांना जाडसर मांजरपाट द्या, कोरा, ब्लीच न केलेला, त्यांच्या बायकांना जरा बरा, आणि संप मिटवायला येणाऱ्या अधिकाऱ्याला पातळ पांढरी मलमल आणि चुण्या. बघणाऱ्याला न बोलता कळेल कोणाकडे काय आहे. जुन्या कपड्यांना रफू आणि ठिगळं जरूर करा, कापड म्हणजे त्यांचा पैसाच होता, धान्यासारखी त्यात देवाणघेवाण चालायची, फाटलेलं टाकून देत नसत, शेवटी पट्ट्या फाडून ममीला गुंडाळायचे. वाह नावाच्या एका माणसाच्या ममीवर सुमारे ३७५ चौरस मीटर लिनन निघालंय.

नदीकाठची

आणि त्या सोनेरी जरीच्या पट्ट्या अन् क्लिओपात्रा टाईपचे मुकुट कोणी सुचवले तर सरळ नाही म्हणा. क्लिओपात्रा तुमच्या संपानंतर हजारेक वर्षांनी झाली, त्यात घराणं ग्रीक. रंग हवाच असेल तर गळ्यात निळ्या-हिरव्या मण्यांचे सर, ते साध्या घरांतही असायचे. अंगरख्याला मीटरभर पन्ह्याचं कापड घेतलं तर एकाला अडीच मीटर धरा, उंच नटाला थोडं जास्त.