डावखुऱ्या मुलीसाठी शाईचं पेन: शाई फुटते नाहीतर वाळतच नाही, काय बदलू?

नौपाड्याची_आई
मुलगी आठवीत आहे, डावखुरी. बाईंनी अक्षरासाठी शाईचं पेन वापरून बघा सांगितलं आणि पोरीला स्वतःलाही खूप हौस, म्हणून राम मारुती रोडवरून दीडशेच्या आतलं एक पेन आणि रॉयल ब्लूची बाटली आणली. पेन चालतं छान पण शाळेच्या साध्या वहीत शाई फुटते, प्रत्येक अक्षराला बारीक मुळं आल्यासारखं दिसतं आणि पान उलटलं की मागे सगळं उमटलेलं असतं. मग जरा महागाची गुळगुळीत जाड कागदाची वही आणली तर त्यात शाई अजिबात फुटत नाही पण वाळतही नाही, हिचा हात लिहिलेल्या ओळीवरूनच पुढे सरकतो त्यामुळे करंगळीखालची सगळी बाजू निळी, पानभर फराटे, आणि युनिफॉर्मची बाही पांढरी. पेन बदलू, शाई बदलू की वही? बॉलपेन तिला नको आहे, दाबून लिहावं लागतं आणि बोटं दुखतात म्हणते. आणखी दोनेकशे रुपये घालायची तयारी आहे.

कोपरीकर_निबवाला
ताई, पेन लगेच बदलू नका, तुमचं पेन बरोबरच काम करतंय. सगळा खेळ कागदाचा आहे. कागद बनवताना त्याला स्टार्चसारखं साइझिंग देतात, ते कमी असेल तर कागदाचे धागे शाई ओढून घेतात म्हणून ती फुटते पण पटकन वाळते, आणि साइझिंग चांगलं असेल तर शाई वरच राहते, अक्षर एकदम रेखीव दिसतं पण वाळायला वेळ लागतो. तुम्ही बरोबर दोन टोकांच्या वह्या घेतल्यात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दुसरी वही सोन्यासारखी, डावखुऱ्याला मात्र मधली हवी. आणि नुसत्या जाडीवर जाऊ नका, वहीच्या मागे जीएसएम छापलेलं असेल तर ते फक्त चौरस मीटरला किती ग्रॅम एवढंच सांगतं, शाई धरेल की नाही ते त्यावरून कळत नाही. झेरॉक्सचा 70-75 जीएसएमचा कागद पातळ वहीपेक्षा वाईट फुटलेला मी पाहिलाय. दुकानात पेन घेऊन जा, ओळखीचा दुकानदार असेल तर शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक शब्द लिहू देतो, लिहून झाल्यावर दहा मोजा आणि बोट फिरवा. तेवढ्यात वाळली आणि मागे उमटली नाही तर तीच वही डझनाने घ्या. पावसाळ्यात वह्या दमट होतात आणि चांगला कागदही थोडी शाई फोडतो, तेव्हा जुलैमधल्या अनुभवावरून वही नापास करू नका.

सेक्टर१७_वाशी
एवढं कशाला, जेल पेन द्या ना. 0.5 चं घ्या, निब नाही बाटली नाही, दाबावंही लागत नाही. माझा मुलगा तेच वापरतो.

कोपरीकर_निबवाला
@सेक्टर१७_वाशी दादा, मुलगा उजव्या हाताने लिहितो का? जेलची शाईसुद्धा पाण्यातलीच, ओली असताना हात फिरला की तीही फरफटते. फरफटत नाही ती बॉलपेनची, कारण ती तेलातली आणि घट्ट असते, पण म्हणूनच बॉल फिरवायला जोर लावावा लागतो आणि नेमकं तेच या मुलीला जड जातंय. बोटं दुखतात म्हणणाऱ्या मुलाला शाईचं पेन मिळालंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, निबला फक्त कागदावर टेकवायचं असतं.

नेरूळच्या_बाई
मी शाळेत शिकवते, वर्गात डावखुरी मुलं असतातच. वस्तू बदलण्याआधी ती लिहिताना समोर बसून नीट बघा. मनगट वाकवून हात ओळीच्या वर घेत असेल तर कुठलीही शाई लागणारच. वहीचं वरचं टोक उजवीकडे झुकवून ठेवायला सांगा म्हणजे हात आपोआप ओळीच्या खाली येतो आणि ओली अक्षरं हाताच्या वर राहतात. सुरुवातीला तिला तिरपं वाटेल, नेट लावून करू द्या. आणि वर्गात तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा अशी चिठ्ठी बाईंना द्या, नाहीतर शेजारणीच्या कोपराला कोपर लागतं आणि बिचारी मुलगी हात आखडून लिहीत बसते, याकडे कुणाचंच लक्ष जात नाही आणि मग अक्षर वाईट म्हणून ओरडा मात्र तिलाच. दहावीला भाषेचा 80 मार्कांचा पेपर तीन तास लिहायचा असतो, हात आत्ताच मोकळा व्हायला हवा.

नौपाड्याची_आई
बाई, आत्ता बघितलं, हात वरूनच वाकवते!! वही झुकवून चार ओळी लिहून घेतल्या, फराटे बरेच कमी आले. निबवर एम लिहिलंय, त्याने फरक पडतो का? आणि शाई कुठली?

कोपरीकर_निबवाला
पडतो तर. एम म्हणजे मीडियम, त्यातून शाई जास्त उतरते. फाइन निब घ्या, पायलटसारख्या जपानी पेनाची फाइन तर युरोपियन पेनापेक्षा बारीक असते, पण बजेटमध्ये साधं देशी फाइन मिळालं तरी पुरे. नवीन पेन आधी साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा, कारखान्यातलं तेल निघून जातं. ड्रॉपरने भरायचं पेन मात्र शाळेसाठी नको, टाकी निम्म्याखाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबवरून टपकन थेंब पडतो. कन्व्हर्टरवालं घ्या, म्हणजे ज्यात बाटलीतून शाई ओढून घेणारी छोटी काढता येणारी नळी असते ते.

शाईत क्विंक बघा, 1931 साली पार्करने काढली तेव्हापासून लवकर वाळण्यासाठीच ओळखली जाते. कॅमलही चांगली, ती काढणाऱ्या दांडेकर बंधूंनीही 1931 लाच शाईची पावडर आणि वड्या विकायला सुरुवात केली होती. फक्त बाटलीवर फाउंटन पेन लिहिलेलं वाचून घ्या, शेजारीच वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक ठेवलेली असते, ती भरली की आत वाळून घट्ट बसते आणि पेन गेलंच समजा. आणि युनिफॉर्म पांढरा आहे तर परमनंट घेऊ नका, रॉयल ब्लूच राहू दे. डाग पडला की साबण लावायच्या आधी गार पाण्यात भिजवून ठेवायचं, बहुतेक निघून जातो.