एंडोमेट्रिओसिस: डायनोजेस्ट सोसवत नाही, इस्ट्रोजेन चालत नाही. पुढे काय? मदत हवी आहे

डाव्या अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) दुर्बिणीतून काढली, तेव्हाच एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचं, निदान पक्कं झालं. नंतरचा काही काळ बरा गेला आणि दुखणं परत आलं. आता ते पाळीपुरतं राहिलेलं नाही. पाळी यायच्या कितीतरी आधीपासून ओटीपोटात ठणका, कमरेतून मांडीत उतरणारी कळ, पाळीत शौचाला बसताना तर डोळ्यांत पाणी येतं. "एक मूल झालं की थांबेल" हा सल्ला सगळ्यांकडून मिळून झाला आहे, तेवढा कृपया नको. मूल सध्या नको आहे, पुढे कधीच नको असंही नाही.

दुखणं थांबवायला आधी मेफेनॅमिक ॲसिड घेत होते, मग नॅप्रोक्सेन. नॅप्रोक्सेन लागू पडतं, पण कळ चढायच्या आत घेतलं तरच. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन (कळा आणणारं शरीरातलं रसायन) तयार होणं रोखतात; ते एकदा तयार होऊन कळा सुरू झाल्या की गोळीची धाव थोडीच. पण महिन्यातले निम्मे दिवस दुखत असेल तर "आधी" म्हणजे नेमकं कधी? आणि इतके दिवस सलग घ्यायचं तर पोटाची आणि किडनीची काळजी आहेच.

नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या मला बाद. मायग्रेनच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात, म्हणजे ऑरा आहे. अशा बायकांना इस्ट्रोजेन असलेली गोळी देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून. (हे दर वेळी मलाच आठवण करून द्यावं लागतं. तुम्हाला ऑरा असेल तर कोणी विचारायची वाट बघू नका.)

मग डायनोजेस्ट, म्हणजे इस्ट्रोजेन नसलेली हार्मोनची गोळी, रोज 2 मिलिग्रॅम. दुखणं खरंच उतरलं. मधूनमधून डाग पडायचे, पण सुरुवातीचे महिने ते होतं असं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे चालवून घेतलं. मनाचं मात्र चालवून घेता येईना. उगाच रडू यायचं, कोणी साधं काही विचारलं तरी मी अंगावर धावून जायचे. डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली. मन ठिकाणावर आलं आणि दुखणंही आपल्या जुन्या ठिकाणी आलं.

आता डॉक्टरांनी दोन पर्याय पुढे ठेवलेत: लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवणं, किंवा अंडाशयांचं काम तात्पुरतं थांबवणारी ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं. ज्यांना डायनोजेस्टने उदास वाटलं, त्यांना या दोन्हींपैकी काय मानवलं? आणखी काही विचारायचं राहतंय का?

रानजाई:
ल्युप्रोलाइड घेतलं आहे. पहिले काही दिवस दुखणं उलट वाढतं, घाबरू नकोस. अंडाशय गप्प बसण्याआधी एकदा जोरात चेकाळतात. त्यानंतर मला पाळीच आली नाही आणि दुखणं बऱ्यापैकी थांबलं. त्याबदल्यात रजोनिवृत्तीचं सगळं सामान आलं: अंगातून वाफा, झोपमोड, कोरडेपणा. हाडं विरळ होतात म्हणून नुसतं इंजेक्शन साधारण सहा महिन्यांच्या पुढे नेत नाहीत. सोबत थोडं हार्मोन परत देतात, त्याला ॲड-बॅक म्हणतात. ते फक्त नॉरएथिस्टेरॉन (इस्ट्रोजेन नसलेलं हार्मोन) असणार की त्यात इस्ट्रोजेनही, हे तू ऑराचं सांगून आधीच विचार. आणि मनाचं म्हणशील तर या इंजेक्शनानेही काहींना उदास वाटतं. मला नाही वाटलं, पण त्यावर भरवसा ठेवू नकोस.

निवडुंग:
गर्भाशयात बसवतात ते 52 मिलिग्रॅमवालं माझ्याकडे आहे. औषध मुख्यतः तिथल्या तिथे काम करतं, रक्तात कमी उतरतं, त्यामुळे माझ्या मनावर गोळीइतका परिणाम झाला नाही. प्रत्येकीचं असंच होईल असं नाही. पण एक लक्षात घे, याने अंडं तयार होणं दर महिन्याला थांबेलच असं नसतं. तुला सिस्ट होऊन गेली आहे, तेव्हा ती परत होऊ नये म्हणून हे पुरेल का, हा प्रश्न मी पहिला विचारला असता. बसवल्यावर काही महिने रक्तस्राव अनियमित असतो.

भरती_ओहोटी:
एलागोलिक्स नावाची तोंडाने घ्यायची गोळी आहे. अमेरिकेत 2018 मध्ये याच दुखण्यासाठी मान्यता मिळाली. यात सुरुवातीची ती उसळी नसते. मात्र हाडांचा मुद्दा इथेही आहे, आणि नैराश्य वाढू शकतं अशी सूचना औषधाच्या माहितीतच आहे, त्यामुळे तू तर नीट बोलूनच घे. त्याच जातीच्या रेलुगोलिक्सच्या एकत्रित गोळीत इस्ट्राडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनच, असतं, म्हणजे पुन्हा ऑराचा प्रश्न.

मधल्या दिवसांचं दुखणं सगळं हार्मोनचंच असेल असं धरू नकोस. वर्षानुवर्षं कळा सोसून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडतात, नसाही हळव्या होतात. त्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि रात्री अगदी कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन (नसांचं दुखणं शमवायलाही देतात ते औषध) यांनी माझा मधला ठणका कमी झाला. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेन्टिन कोणी सुचवलं तर एवढं माहीत असू दे: 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर ते डमी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. अर्थात त्या बायकांच्या पोटात दुर्बिणीतून ठळक कारण सापडलेलं नव्हतं.

धागाकर्ती:
सिस्टचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, तो विचारते. नसांबद्दलही. रानजाई, इंजेक्शन सुरू करण्याआधी हाडांच्या घनतेची तपासणी केली होती का? आणि ॲड-बॅक पहिल्या महिन्यापासून दिलं की नंतर?