शब्दचर्चा : परखड, फटकळ की उपरोधिक? नीरद चौधुरींना काय म्हणावं

राजवाडा (सातारा)
आमच्या वाचक कट्ट्यावर पुढच्या महिन्यात इंग्रजीत लिहिणारे बंगाली लेखक नीरद चंद्र चौधुरी यांच्या पुस्तकांवर कार्यक्रम आहे. पत्रिकेचा मजकूर माझ्या गळ्यात पडला. पहिला खर्डा असा : 'परदेशस्थ भारतीय लेखक नीरद चौधुरी यांचे उपहासात्मक व परखड लेखन'. त्यावरून दोघांची जुंपली. एकाचं म्हणणं, 'परखड' आता वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही असतो, त्यात काही राम उरला नाही. सरळ 'फटकळ' लिहा. दुसरे म्हणाले, फटकळ ही जवळजवळ शिवी, गेलेल्या माणसाबद्दल असं छापत नाहीत. त्यात उपहास की उपरोध की विडंबन हा घोळ आहेच. 'व्यंग्य' कुणी सुचवू नये, तो हिंदीत चालतो. आपल्याकडे व्यंग म्हणजे शरीरातला दोष.

घाटावरची (वाई)
मग व्यंगचित्राचं काय करायचं दादा? पण बाकी सहमत, व्यंग्य नको.

हरभट रोड (सांगली)
तिन्ही शब्द एका डब्यात घालू नका. विडंबनाला समोर मूळ नमुना लागतो. लोकांच्या तोंडी असलेल्या कवितेची चाल, तिचीच शब्दकळा उचलून तिला वेडावून दाखवायचं. अत्र्यांची 'झेंडूची फुले' आठवा. चौधुरींचा तो प्रांत नव्हे.

उपहासात हसू उघड असतं. ज्याला हसायचं त्याला चारचौघांत उभं करून हसायचं. उपरोधात हसू दाबलेलं. चेहरा गंभीर, शब्द सुलट आणि अर्थ उलट. गंमत म्हणजे संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा, वेढा. मराठीनं तो पार वेगळीकडे नेला. तरी जुन्या अर्थाचा थोडा वास मला अजून येतो : उपरोधिक वाक्य ऐकणाऱ्याला घटकाभर अडवून धरतं, हा मनापासून बोलतोय की टोचतोय, असं.

चौधुरींत दोन्ही सापडतात. १९६५ चं 'द कॉन्टिनेन्ट ऑफ सर्सी' घ्या. ग्रीक पुराणातली सर्सी माणसांची डुकरं करते. बाहेरून आलेल्या आर्यांची इथल्या उन्हानं आणि मैदानांनी तीच गत केली, असा चौधुरींचा सिद्धांत. इतिहास म्हणून तो मला अजिबात पटत नाही. वंशाबद्दलच्या तसल्या कल्पनांवर आज कुणी इमारत उभी करणार नाही. पण आपल्याकडच्या बढाईखोरीचं त्यात जे हसं केलंय ते वाचताना कान लाल होतात. तो उपहास. त्याला इंग्लंडमधलं डफ कूपर पारितोषिकही मिळालं.

याउलट पहिल्या पुस्तकाचं नावच उपरोधिक : 'द ऑटोबायोग्राफी ऑफ ॲन अननोन इंडियन'. आत्मचरित्र थोरांनी लिहायचं असा रिवाज. इथं पन्नाशी ओलांडलेला रेडिओतला नोकरदार 'मला कुणी ओळखत नाही' असं वेष्टनावरच सांगतो आणि आत शेकडो पानं स्वतःबद्दल लिहितो.

राजवाडा
सर, म्हणजे 'उपहासात्मक' काढून 'उपरोधिक' घालू?

हरभट रोड
घाला. 'उपहासात्मक' तसाही उच्चारायला दगडासारखा आहे.

मार्केट यार्ड (सांगली)
आणि परखडच्या जागी 'रोखठोक' का नको? आमच्या हळदीच्या सौद्यातलं बोलणं. रोख म्हणजे नगद, ठोक म्हणजे एकगठ्ठा. उधारी नाही, किरकोळीची घासाघीस नाही. पटलं तर माल उचल.

हरभट रोड
शब्द झकास, पण चुकीच्या माणसाला. रोखठोक माणसाचं वाक्य आखूड असतं. चौधुरींचं वाक्य आयर्विन पुलाच्या या टोकाला सुरू होतं आणि सांगलवाडीत जाऊन संपतं. वाटेत लॅटिनही भेटतं, फ्रेंचही.

टेंभूकर (कऱ्हाड)
परखड आणि फटकळ दोन्ही ठेवून बघा, कुठं बसतात ते. 'परखड मत', 'परखड भाष्य', 'परखड लेख'. हा शब्द लेखी, सभेतला. 'परखड सासू' म्हटलेलं कुणी ऐकलंय का? फटकळ घरातला, ओट्यावरचा : 'तोंडाची फटकळ आहे, पण पोटात काही ठेवत नाही.' फटकळ माणसाच्या तोंडून निसटतं. परखड माणूस वेळ बघतो, जागा बघतो, पुरावा गोळा करतो आणि मग बोलतो. फटकळपणा स्वभावात मोडतो, म्हणून त्याला माफीही मिळते, 'जाऊ दे, तो तसाच आहे' म्हणून. परखड माणसाला ती सवलत नाही, कारण त्यानं ठरवून बोललेलं असतं.

आगरकर आमच्या टेंभूचे. (टेंभू म्हटलं की आता लोकांना फक्त उपसा सिंचन आठवतं, ते असो.) 'इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार' हे वाक्य फटकळ माणसाचं असूच शकत नाही. त्यात आधी 'इष्ट' काय ते ठरवणं आलं. त्यापायी पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. चौधुरींचंही बोलणं ठरवून. वर्षानुवर्षं वाचन करून, दाखले जमवून केलेलं. तेव्हा परखडच. फ्लेक्सवाल्यांनी शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला म्हणून आपण तो त्यांना दान करायचा नाही.

मार्केट यार्ड
पटलं. पण सर्सीवालं पुस्तक ऐकून मला तरी ते फटकळच वाटतंय.

टेंभूकर
पुरावा चुकीचा असला तरी बोलणं परखड असू शकतं की.

परळी (सातारा)
कार्यक्रमात कुणीतरी उठून 'टवाळां आवडे विनोद' म्हणणार हे आत्ताच सांगून ठेवतो. समर्थांच्या सज्जनगडाच्या पायथ्याला राहतो, हे चरण मी आयुष्यभर ऐकतोय. विनोदाचा गळा दाबायला लोक ते वापरतात. पण त्याच दासबोधात दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला मूर्खलक्षणं आहेत. 'तो येक मूर्ख' म्हणत म्हणत समर्थांनी कुणाला सोडलंय? माझा प्रश्न एवढाच, त्याला उपहास म्हणायचं की उपदेश?

हरभट रोड
उपदेशाच्या पोटातला उपहास. हसणारा स्वतःला त्या यादीबाहेर समजत नाही तोवर तो चांगला वाटतो. चौधुरींनी बंगालीतही लिहिलं, 'आत्मघाती बांगाली' हे त्यांचं पुस्तक. नाव वाचूनच कळतं की टोमणा घरच्या माणसाचा आहे.

विटेकर (खानापूर)
तुम्ही सगळे मागच्या दोन विशेषणांवर भांडताय. माझ्या मते पत्रिकेतला खोटा शब्द पहिला आहे : 'परदेशस्थ'.

आमच्या विटा-आटपाडीकडची कितीतरी घरं सोन्याचांदीच्या गलाईपायी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यापायी, देशभर पांगलेली. त्यांना गावात गलाईवाले म्हणतात, बास. जत्रेला येतात, चार दिवस राहतात आणि गावाला सुनावतात, गटारं अशी नि रस्ते तसे. खरं असतं ते बोलणं. तरी पारावरचं उत्तर ठरलेलं : 'तिकडं राहून बोलायला ह्यांचं काय जातंय?' तुमच्या पत्रिकेत 'परदेशस्थ' आधी आणि 'परखड' नंतर आलं की वाचणारा हेच म्हणणार. बाहेर बसून देशाला नावं ठेवणारा आणखी एक.

आता हिशेब बघा. जन्म १८९७, किशोरगंज, आता ते बांगलादेशात. कलकत्त्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी. मग 'मॉडर्न रिव्ह्यू' या इंग्रजी मासिकात उपसंपादकी. मग सुभाषबाबूंचे थोरले भाऊ शरच्चंद्र बोस यांचे चिटणीस. १९४२ पासून दिल्लीत, ऑल इंडिया रेडिओत. आत्मचरित्र १९५१ चं. 'अ पॅसेज टू इंग्लंड' १९५९ चं, तेही काही आठवड्यांच्या इंग्लंडवारीवर लिहिलेलं. 'सर्सी' १९६५. ही तिन्ही पुस्तकं दिल्लीत राहून. ऑक्सफर्डला मुक्काम हलवला १९७० मध्ये, सत्तरी उलटून गेल्यावर. म्हणजे ज्यांना बोलले त्यांच्याच आळीत राहून, त्यांच्याच दुकानातून भाजी आणून बोलले. नवीन स्वातंत्र्य मिळालेल्या देशात, सरकारी नोकरीत असताना, पहिलंच पुस्तक, ते आत्मचरित्र, ब्रिटिश साम्राज्याच्या स्मृतीला वाहायचं ही हिंमत 'परदेशस्थ' शब्दानं पार धुऊन जाते.

आणि इंग्लंडात गेल्यावर तरी गप्प बसले का? तिथं इंग्रजांनाच झोडपायला लागले, की तुम्ही तुमची परंपरा मोडीत काढलीत. १९९७ मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, 'थ्री हॉर्समेन ऑफ द न्यू अपोकॅलिप्स' आलं. त्यात प्रलय घेऊन येणारे तीन घोडेस्वार कोण, तर व्यक्तिवाद, राष्ट्रवाद आणि लोकशाही. जिथं राहिले तिथल्या यजमानांना बोलले. १९९९ मध्ये ऑक्सफर्डलाच गेले.

राजवाडा
हे मुद्द्याचं. पण परदेशी राहिले हे सांगायला तर हवं. कट्ट्यावर एकानं 'प्रवासी भारतीय लेखक' सुचवलंय.

घाटावरची
नको हो. प्रवासी म्हटलं की स्वारगेट-सातारा विनाथांबा आठवते. हिंदी-बंगालीत त्याचा अर्थ मुलखाबाहेर वस्ती केलेला. रामानंद चट्टोपाध्यायांनी १९०१ मध्ये 'प्रबासी' मासिक काढलं ते अलाहाबादेत राहून, बंगालबाहेरचा बंगाली म्हणून. विटेकरांनी 'मॉडर्न रिव्ह्यू' म्हटलं ना, त्याचेही संपादक तेच. मराठीतल्या प्रवाशाच्या हातात मात्र तिकीट असतं आणि तो उतरणार असतो.

विटेकरांनी अर्पणपत्रिकेचा विषय काढला म्हणून थोडं लिहिते, कारण उपरोधाची खरी परीक्षा तिथं आहे. मजकूर साधारण असा : हिंदुस्थानातल्या ब्रिटिश साम्राज्याच्या स्मृतीस, त्यानं आम्हाला प्रजाजन केलं पण नागरिकत्व दिलं नाही, तरीही आमच्यातल्या प्रत्येकानं 'मी ब्रिटिश नागरिक आहे' असं त्याला आव्हान दिलं, कारण आमच्यात जे चांगलं आणि जिवंत होतं ते याच राजवटीनं घडवलं, वाढवलं. लोकांनी पहिली ओळ वाचली आणि लेखकाला साहेबाचा भाट ठरवलं. ते 'मी नागरिक आहे' वाक्य मूळात लॅटिनमध्ये आहे, आणि उगीच नाही. रोमन वक्ता सिसेरोनं व्हेरेस या जुलमी सुभेदारावर फिर्याद केली, त्यातली ती गोष्ट. सिसिलीत एका माणसाला क्रुसावर चढवत होते आणि तो 'मी रोमन नागरिक आहे' असं ओरडत राहिला. ऐकलं कुणी नाही. ही गोष्ट ठाऊक असलेल्याला कळतं की अर्पणपत्रिकेत साम्राज्याला व्हेरेसच्या पिंजऱ्यात उभं केलंय. चौधुरींनी पुढे म्हाताऱ्या वयात स्वतःही सांगितलं, की बरोबरीनं न वागवल्याबद्दल राज्यकर्त्यांचा तो निषेध होता.

हरभट रोड
म्हणजे चोख व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून निंदा.

घाटावरची
तिथंच माझी अडचण आहे, सर. व्याजस्तुतीत वरचा अर्थ फेकून द्यायचा असतो. 'काय तुमचं औदार्य, पाहुण्याला पाणीसुद्धा विचारलंत' यात औदार्य खोटं, ते टाकायचं, उरतो तो टोमणा. इथं वरचा अर्थ टाकता येत नाही. आमच्यात जे चांगलं ते याच राजवटीनं घडवलं, हे त्यांचं मनापासूनचं मत आहे, साऱ्या पुस्तकभर आहे. आणि नागरिकत्व नाकारलंत ही फिर्यादही तितकीच खरी. एकाच वाक्यात ऋण आणि फिर्याद, दोन्ही न लपवता. वाचणाऱ्यांनी आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलला. आपल्या अलंकारशास्त्रात याला नेमकं नाव आहे का?

हरभट रोड
चटकन सुचत नाही. श्लेष म्हणावा तर शब्द दुहेरी नाहीत, भूमिका दुहेरी आहे. म्हणूनच 'उपरोधिक' एकटा ठेवू नका. नुसता उपरोधिक म्हटलं की वाचणारा सगळं उलटं करून वाचायला लागेल, आणि निम्मं चुकीचं वाचेल. त्याला 'परखड' जोडलेला हवा, म्हणजे सरळ बोललेलंही आहे हे कळेल.

मार्केट यार्ड
मग परखड आधी घ्या. ज्याचं वजन जास्त ते पोतं खाली.

राजवाडा
अंतिम मजकूर असा करतो : 'नीरद चंद्र चौधुरी (१८९७–१९९९) : परखड आणि उपरोधिक लेखन'. 'परदेशस्थ' काढला. आतल्या बाजूला एक ओळ, 'दिल्लीत लिहिले, १९७० पासून ऑक्सफर्ड'.

विटेकर
'दिल्लीत लिहिले' म्हणाल तर ऑक्सफर्डला काहीच लिहिलं नाही असं होईल. 'दिल्लीत आणि १९७० पासून ऑक्सफर्डमध्ये लेखन' करा.

घाटावरची
आणि 'उपरोधिक'मधला धि ऱ्हस्व. मुद्रितं वाचते म्हणून सांगते, छापखान्यात तो हमखास दीर्घ होतो. 'चौधुरी'चं 'चौधरी' होणार नाही हेही बघा, ऑपरेटर परस्पर सुधारून टाकतात.