मदत हवी आहे: तान्ह्या बाळाला घरी सलाईनची वाफ द्यावी का?

बाळ पाच महिन्यांचं. ब्रॉन्किओलायटिस (छातीतल्या बारीक श्वासनलिकांना सूज) झाला म्हणून ॲडमिट होतं, तिथे 3 टक्के, म्हणजे साध्यापेक्षा जास्त खारट सलाईनचं नेब्युलायझेशन (मशीनने वाफ) दिलं. काल घरी आलो. ताप नाही, पण नाक इतकं चोंदलंय की चार घोट ओढले की दूध सोडून रडतो. नाकात साध्या, 0.9 टक्के सलाईनचे थेंब घालून पाजतेय, तेवढ्यापुरतं बरं वाटतं त्याला.

थोरलीचं नेब्युलायझर घरात आहे. सासूबाई म्हणतात, लाव. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या 2014 च्या सूचनांत 3 टक्के सलाईन फक्त ॲडमिट बाळांसाठी, तेही 'देता येईल' इतकंच. म्हणून हात धजत नाही. डॉक्टर उद्या भेटतील. छाती आत ओढली जातेय का, यावर लक्ष आहेच.

कुणाला डॉक्टरांनी घरी द्यायला सांगितलं होतं का? कोणतं सलाईन, किती वेळा? आणि रात्री बाळाला कसं पाजलंत?