बेमिडजीचा बेन्झीन प्लूम: ऱ्हासदर एकच धरावा का?

भूजलवाट: मिनेसोटात बेमिडजीजवळ १९७९ मध्ये फुटलेल्या तेलवाहिनीतून भूजलात पसरलेल्या बेन्झीनच्या पट्ट्याचं (प्लूमचं) मॉडेल करतेय. एमटी३डीएमएसमध्ये (भूजलातल्या प्रदूषकांची हालचाल मोजणारा प्रोग्राम) बेन्झीनला सगळीकडे एकच ऱ्हासदर (ते किती वेगाने नष्ट होतं तो दर) दिलाय. तेलाजवळ बेन्झीन मोजलेल्यापेक्षा फारच कमी येतंय. काय करू?

खडकपाणी: ताई, एकच दर नकोच! १ ग्रॅम बेन्झीन पूर्ण संपवायला जिवाणूंना सुमारे ३ ग्रॅम ऑक्सिजन लागतो; भूजलात तो लिटरमागे मोजके मिलिग्रॅम. तेलाजवळ तो लगेच संपतो, मग जिवाणू ऑक्सिजनऐवजी लोह वापरतात, शेवटी मिथेन बनवत बेन्झीन तोडतात. तिथे बेन्झीन रेंगाळतं, ऑक्सिजन मिळणाऱ्या कडेला झपाट्याने नष्ट होतं. आरटी३डी (अनेक अभिक्रिया हाताळणारा तसाच प्रोग्राम) वापरा, प्रत्येक टप्प्याची अभिक्रिया वेगळी द्या.

सेलमाप: ग्रिडही (मॉडेलमधली चौकटींची जाळी; एक चौकट म्हणजे सेल) बघा. सेल १० मीटर आणि डिस्पर्सिव्हिटी (प्रदूषक वाहताना किती पसरतं त्याचं माप) १ मीटर असेल तर पेक्ले आकडा, म्हणजे सेल भागिले डिस्पर्सिव्हिटी, १०. तो २ किंवा त्याहून कमी हवा. नाहीतर प्लूम खोटाच पसरतो.

भूजलवाट: सेल १० मीटरचेच आहेत! आज रात्री २ मीटरने चालवते.