'सार्वजनिक आरोग्य' म्हणजे नेमकं काय? नागपूरच्या उदाहरणांनी कसं समजवावं?

वॉर्ड_टिपण (प्रश्न)
नमस्कार मंडळी. आशाताईंच्या प्रशिक्षणात तासाभराचं सत्र घ्यायचं आहे. एके काळी सार्वजनिक आरोग्य म्हणजे देवी, प्लेग, गटारं, पिण्याचं पाणी. आता त्याच वहीत बीपी-शुगर, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), उष्माघात आले. "मग साफसफाईचं काम मागे पडलं का?" हा प्रश्न हमखास येतो. सनावळी नको, कामाच्या पद्धतीत काय बदललं ते सांगा.

जुनी_नोंदवही
नीरीच्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या) नावापासून सुरुवात करा. 1958 साली नागपुरात ही संस्था निघाली तेव्हा नावात 'सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी' होतं, 1974 मध्ये तिथे 'पर्यावरण' आलं. पाणी आणि मैल्यावरची नजर हवेपर्यंत, कारखान्यांपर्यंत पोचली.

त्याआधीचे दोन टप्पे थोडक्यात. 1897 चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगमुळे आला. प्रवाशांची तपासणी आणि संशयितांना वेगळं ठेवणं हा त्याचा गाभा होता, म्हणजे आरोग्य हा बंदोबस्ताचा विषय होता. 1946 मध्ये देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 40,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये असं मांडलं. तिथून आरोग्य हक्काच्या भाषेत आलं.

हिवतापावर मात्र वेळ द्या. डास चावून झाल्यावर भिंतीवर टेकतो, म्हणून घराच्या आतल्या भिंतींवर चौरस मीटरला 1 ग्रॅम डीडीटी हे कीटकनाशक, ही राष्ट्रीय हिवताप कार्यक्रमाची पद्धत. 1958 मध्ये ध्येय 'नियंत्रणा'वरून 'निर्मूलना'वर गेलं, रुग्ण झपाट्याने घटले. मग डास डीडीटीला दाद देईनासे झाले, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेण्यात ढिलाई आली, आणि 1976 मध्ये देशात 64 लाखांवर रुग्ण नोंदले गेले. आकडा खाली आला म्हणून पाळत सैल केली की असं होतं. साफसफाई मागे पडली का, याचं उत्तर इथेच आहे: ती सोडून चालत नाही.

टब_तपासा
मी सगळं सत्र कुलरभोवती बसवेन. नागपुरात दोन काळांची कामं त्या एका टबात येऊन मिळतात.

मे महिन्यात कुलर जीव वाचवतो. 40 अंशांच्या वर नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो, ओल्या खसमधून आलेली हवा थंड असते. पण पावसाळा लागला की हवेतला दमटपणा वाढतो, कुलर गार करेनासा होतो, लोक बटण बंद करतात आणि टबात पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठ्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून 'कोरडा दिवस', म्हणजे टब रिकामा करायचा दिवस, आठवड्यातून एकदा.

इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त पाणी ओतून देणं. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टबाच्या कडेला चिकटलेली असतात. कोरड्यातही ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून टब रिकामा करून कडा ब्रशने घासायच्या, पाणी कोरड्या मातीवर ओतायचं, मग टब पुसून वाळवायचा. निचऱ्याचं भोक तळापेक्षा वर असेल तर तळाला पाणी उरतं, ते फडक्याने टिपायचं. हंगाम संपला की खसच्या जाळ्याही काढून टाकायच्या. फ्लोटवर नळाला जोडलेल्या कुलरकडे सगळ्यांत आधी बघा, कारण तो कधी रिकामा होतच नाही.

डीडीटीची जुनी युक्ती इथे चालत नाही. एडिस दिवसा चावतो आणि टांगलेल्या कपड्यांत, पलंगाखाली बसतो. म्हणजे फवारणीवाल्यावर सोपवलेलं काम घरातल्या माणसाच्या हाती आलं. याला मी सगळ्यांत मोठा बदल मानतो.

वॉर्ड_टिपण
फार उपयोगी. उष्माघात 'साथी'सारखा मोजता येतो का?

टब_तपासा
फक्त 'उष्माघात' लिहिलेले मृत्यूचे दाखले मोजले तर फारच कमी दिसतो, कारण बरेच मृत्यू हृदयविकार म्हणून नोंदले जातात. अहमदाबादेत मे 2010 मधल्या सर्व कारणांच्या मृत्यूंची एरवीच्या मे महिन्यांशी तुलना केली तेव्हा 1,344 जास्तीचे मृत्यू दिसले. 2013 मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला. ताईंना एवढं पक्कं सांगा: अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय किंवा शुद्ध हरपली, तर 108 ला फोन. तोवर सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा. पॅरासिटामॉल नको, हा ताप त्याने उतरत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

रक्ततपासणी_टेबल
सिकलसेल वगळू नका, विदर्भात तो घरोघरचा प्रश्न आहे. इथे मारायला डास नाही, शुद्ध करायला पाणी नाही. सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीत नमुना गढूळ झाला, तरी माणूस वाहक (स्वतः आजारी नसून दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारा) आहे की रुग्ण हे कळत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागतेच. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने सोल्युबिलिटी चाचणी खोटी 'नॉर्मल' येऊ शकते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, आणि 'प्रत्येक' हा शब्द दोनदा सांगा. पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणून पुढची तिन्ही सुटली, असं बरेच जण धरून चालतात. 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. पण तपासणीचं कार्ड हातात दिलं की काम संपत नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू असलेल्याची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वेळेवर झाली का, औषध मध्येच थांबलं का, हे विचारत राहायचं. त्यासाठी वहीत 'तपासले' या रकान्याशेजारी 'पुढची भेट' असा रकाना आखून घ्या.